टेस्टर काका

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, असे एक काका प्रत्येक आळीत असतात. नव्या घराला अजून दारं बसायची असतात, तेवढ्यात स्वारी उंबऱ्यात हजर. पहिला प्रश्न ठरलेला, "मीटरचं काय केलंत?"

अर्ज ऑनलाइन भरला म्हणून सांगावं, तर पत्रिका न बघता मुलीचं लग्न ठरवल्यासारखे ते आपल्याकडे बघतात. "ऑनलाइन काय वायर ओढतात? बोर्डात ओळख लागते." विद्युत मंडळाचे तुकडे होऊन २००५ मध्ये महावितरण वेगळी झाली, ही बातमी काकांनी वाचली आहे, मान्य केलेली नाही. घरातले चिरंजीव मोबाइलवर २०२४ चा नियम वाचून दाखवतात: अर्ज पूर्ण असेल तर जोडणी महानगरात तीन दिवसांत, नगरपालिकेच्या हद्दीत सात, खेड्यात पंधरा. काका शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "नियम खांबावर चढतो का?"

मग ते वायरमनकडे वळतात. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा असतो, त्यासाठी तो बिचारा लोड लिहीत असतो. "एकच किलोवॅट टाक. जास्त दाखवलं की डोळ्यावर येतं," काका कुजबुजतात. वायरमन काही बोलत नाही, नुसता बाथरूमकडे बोट दाखवतो. तिथे दोन-दोन हजार वॅटचे दोन गिझर खोक्यात बसलेले असतात. अर्थिंगचं मात्र काकांना खरंच कळतं. खड्ड्यात कोळसा-मीठ नीट पडलंय का, हे ते वाकून बघतात, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा, असं बजावतात. हा सल्ला ऐकावा.

कोटेशन निघतं, पैसे भरले जातात, यात काकांना रस नसतो. रस असतो तो मीटर बसण्यात. लाइनमन शिडीवर, सर्व्हिस वायर त्याच्या खांद्यावर, आणि खाली काका: "फेज बघून घे हं!" सील लागतं. काका मीटरला कान लावतात. जुन्या मीटरची चकती फिरताना तरी दिसायची, हा नवा मुका, यावर त्यांचा मुळीच विश्वास नाही. म्हणून ते घरातलं सगळं बंद करायला लावतात. पंखा बंद, बल्ब बंद. मंडळी अंधारात उभी. दोनेक मिनिटांनी लाल दिवा एकदा लुकलुकतो.

"बघितलंत? मीटर पळतोय!"

एका युनिटला तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो, असं मीटरवरच छापलेलं असतं. चिरंजीव बॅटरी मारून ते वाचतात आणि त्याच उजेडात भिंतीवरचा प्लग दिसतो. त्याला काकांचाच मोबाइल चार्जिंगला लावलेला.

"जुना फोन आहे, जरा जास्त खातो," काका म्हणतात आणि चहा मागवतात. चहाबरोबर श्रेयवाटप. "मी जेईंच्या कानावर घातलं होतं, म्हणून इतक्या लवकर झालं." हे जेई निवृत्त होऊन गावी शेती करतात, हे लाइनमन जाताजाता सांगून जातो.

काकांच्या स्वतःच्या घरचं बिल मात्र अजून त्यांच्या कैलासवासी वडिलांच्या नावानं येतं. नाव बदलून घ्या, साधा अर्ज आहे, असं कुणी सुचवलं की काका हात झटकतात. "राहू दे. बोर्डात त्यांचं अजून वजन आहे."