बोनेटखालचा वायरमन

गाडीचा वायरमन हा मेकॅनिकपेक्षा वेगळा आणि स्वतःच्या मते दोन पायऱ्या वरचा कारागीर असतो. महाडच्या खाडीपट्ट्यात, तुडीलसारख्या गावांत, गाडी बंद पडली की मेकॅनिक आधी हात काळे करतो; वायरमन बोनेट उघडून आधी नुसता बघतो. तेवढ्यात भोवती चार माणसे जमतात आणि त्यांतल्या प्रत्येकाचा मुंबईतला एक मेहुणा गाड्यांच्याच धंद्यात निघतो. वायरमन सर्वांचे ऐकतो, कोणाचेच करत नाही आणि शेवटी म्हणतो, "करंट येत नाय." हे निदान सहसा चुकत नाही, बंद गाडीत कुठे ना कुठे करंट येत नसतोच.

त्याची हत्यारे चार : पक्कड, काळी टेप, टेस्ट लॅम्प आणि दात. वायर सोलायचा स्ट्रिपर बाजारात मिळतो हे त्याला ठाऊक असते, पण दात कधी घरी विसरत नाहीत.

त्याला काम पुरवणारे मुख्यतः दोघे : उंदीर आणि पाऊस. भाताच्या खाचरांत पाणी भरले की उंदीर कोरड्या, उबदार जागेच्या शोधात बोनेटखाली बिऱ्हाड करतो आणि भाड्यापोटी वायर कुरतडतो. कुरतडलेला तुकडा कापला की वायर आखूड पडते आणि ती वाढवावी लागते. पावसाचे काम संथ असते. टेस्ट लॅम्पच्या टोकाने आवरणाला पडलेल्या भोकातून पाणी आत शिरते, तांबे हिरवे पडते आणि गिऱ्हाईक पुढच्या पावसाळ्यात परत येते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले, तेव्हा गाड्याही बुडाल्या. चिखल धुऊन निघाला तरी कपलरच्या पिनांवरचा गंज मागे राहतो.

जुन्या गाडीत हे सारे खपून जात असे. हेडलाइटच्या वायरला कशीही गाठ मारली तरी दिवा लागायचा. पण एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे निकष आले, बोनेटखाली सेन्सरांची दाटी वाढली आणि वायरमनच्या स्वाभिमानाची परीक्षा सुरू झाली. दिव्याची वायर ताकद वाहून नेते, सेन्सरची वायर निरोप नेते. आणि गाठीत अडकलेला निरोप बदलून पोचतो.

कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर घ्यावा. इंजिन तापते तसा त्याचा रोध उतरतो : २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना जेमतेम तीनशे. पिळून टेप मारलेल्या जोडाला गंज चढून त्यात दोनशे ओहमची भर पडली, की ८० अंशांचे इंजिन कॉम्प्युटरला पासष्टीच्या आसपासचे वाटते. मग तो डिझेल-पेट्रोलचा हिशेब चुकवतो आणि पंखाही उशिरा लावतो. खाडीपट्ट्याच्या सपाटीला ही लबाडी लपते; पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढताना मात्र वाफेसकट बाहेर पडते.

एवढा मार खाल्ला की याच वायरमनमधून दुसरा वायरमन घडतो. तो टेस्ट लॅम्प बाजूला ठेवून मल्टिमीटर घेतो. वाढवायची वायर मूळ जाडीची आणि शक्यतो त्याच रंगाची निवडतो. तारांचे जोड एकाच जागी न देता पुढेमागे देतो, म्हणजे गाठोडे होत नाही आणि एकमेकांना चिकटतही नाहीत. तापवली की आवळून बसणारी स्लीव्ह आधी ओवून घेतो, मग झाळतो; ही स्लीव्ह ओवायची राहिली की झाळलेला जोड पुन्हा तोडावा लागतो, आणि त्या वेळी तोंडून जे निघते ते बघ्यांची करमणूक ठरते. वायर मॅनिफोल्डपासून आणि इग्निशन कॉइलपासून लांब नेऊन क्लिपांत बसवतो. क्रँक सेन्सरच्या वायरीवर जाळी असेल तर ती तोडून फेकत नाही. जोडावरून पुढे नेतो आणि मुळात जिथे एका टोकाला अर्थिंग दिले आहे, तिथेच ते ठेवतो. ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या वायरीला तर तो झाळ लावतच नाही. यांतले बरेच सेन्सर तारांच्या फटींतूनच तुलनेची हवा ओढतात आणि झाळ भरली की गुदमरतात. म्हणून लांबी कपलरच्या पलीकडे, गाडीच्या बाजूला वाढवायची.

दोघांची बिले मात्र सारखीच वादग्रस्त असतात. सुट्टीवर आलेला दुबईकर "एवढ्याशा वायरीचे एवढे?" असे विचारतो. वायरमन वायरीचे पैसे सांगतो, बघण्याचे लावतो.

पारख सोपी आहे. जोड झाकण्याआधी जो मालकाला दाखवतो, त्याच्या हाती गाडी निर्धास्त द्यावी. जो घाईने टेप गुंडाळून बोनेट आपटतो, त्याचा मोबाइल नंबर जपून ठेवावा, घाटात लागतो.