हातभर हद्द

1971च्या ऑक्टोबरात आमची पलटण पंजाबात, रावीच्या अलीकडे येऊन बसली तेव्हा मला मिशा धड फुटल्या नव्हत्या. घरची आठवण मात्र पुरती वाढीला लागली होती. बेळगावच्या सेंटरात उस्तादांनी मला चालायला, उभं राहायला, सलाम ठोकायला आणि डोकं न चालवायला शिकवलं होतं. पहिल्या तिन्ही गोष्टी जमल्या. चौथी कशी जमणार? खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू रानातलं पोर आणून कालव्याच्या पाण्याशेजारी बसवलंत, तर ते शत्रूकडे बघेल की पाटाकडे?

आणि शत्रूकडे बघायचं म्हटलं तरी दिसायचा गहूच. त्या वेळी तिथे तारेचं कुंपण नव्हतं. सरहद्द म्हणजे अंतराअंतरावर रोवलेल्या बुर्ज्या, आमच्या बांधावरच्या हद्दीच्या दगडांसारख्या. अलीकडे गहू, पलीकडेही गहू. पलीकडचा जरा पिवळट दिसला की मला उगाच विजय मिळाल्यासारखं वाटे.

मोर्चे खणायचा हुकूम आला. नुकत्याच उगवलेल्या गव्हात कुदळ घालायची म्हणजे माझ्या जिवावर आलं. मी माझा मोर्चा गुपचूप चार पावलं सरकवून पडीक तुकड्यात घेतला, वरची कसदार माती वेगळी रचली, खालची वेगळी. हवालदारसाहेब मोर्च्यात उतरले, बंदूक टेकवून नेम धरला, तर समोर ऊस. शत्रू आला असता तर मला त्याचे फक्त वाढे दिसले असते. मोर्चा बुजवला, गव्हात पुन्हा खणला, आणि शिक्षा म्हणून समोरचा ऊस तोडायचं काम माझ्याकडेच आलं.

ते मात्र मी मन लावून केलं. बुडापासून तोड, पाचट काढ, वाढे वेगळे, मोळी बांधून बांधाला ओळीत रच. दुपारी हवालदारसाहेब आले तेव्हा बाकीच्यांनी आपापला पट्टा केव्हाच आडवा केला होता आणि मी मोळ्या मोजत होतो. साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘कारखान्याचा ट्रक कितीला येतोय?’’ त्या दिवसापासून पलटणीत माझं नाव शेतकी अधिकारी पडलं.

दिवस तसा बरा जायचा. उजाडायच्या आधी आणि मावळतीला ‘स्टँड टू’, म्हणजे सगळे मोर्च्यात बंदुका रोखून; मग लंगरचा चहा, पुऱ्या, डाळ, खिशात शंकरपाळे. संध्याकाळी कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर विविध भारतीची ‘जयमाला’ लागे आणि देशभरातल्या फौजींच्या फर्माइशी ऐकत आम्ही आपापल्या गावाला जाऊन येत असू. पण रात्री शेजारच्या शिवारात कुणी पाणी सोडलं, ओल्या मातीचा वास आला, की मी ताडकन उठून बसे. झोपेत वाटायचं, आपली पाळी आली, आप्पा हाक मारायच्या आत दारं धरायला पळायला हवं. मग हाताला खोरं लागायच्या ऐवजी बंदूक लागे, आणि पोटात नुसतं तुटायचं. आईची आठवण येते हे कुणापुढे बोलायची सोय नव्हती. पाण्याच्या पाळीबद्दल कितीही बोलता येई, म्हणून मी पाण्याबद्दल बोलायचो.

अशाच एका रात्री माझा पहारा होता. उरलेल्या उसात काहीतरी सळसळलं. अशा वेळी पहारेकऱ्याने ‘थम! कौन आता है?’ म्हणून ललकारायचं असतं. ते मला झोपेतही पाठ होतं. पण अंगात भुईमूग राखायची सवय मुरलेली. तोंडातून निघालं, ‘‘हुऽऽर्र! हुऽऽर्र!’’ आणि हाताने ओंजळीएवढं ढेकूळ उचलून आवाजाच्या दिशेने भिरकावलं. नेम गावचा, चुकणार कसा? अंधारातून शुद्ध साताऱ्याचा आवाज आला, ‘‘आरं, डुकरं राखाय बसलायस व्हय रं?’’ गस्तीवर आलेले सुभेदारसाहेब होते. पुढे कितीतरी दिवस मी पाठीवर पिठ्ठू लादून पळालो. खांदा चोळत साहेब एवढंच म्हणाले, की ढेकळाऐवजी गोळी आली असती तर बरं झालं असतं, निदान ती चुकली असती.

पत्रांचं प्रकरण याहून वाईट. पत्त्याला फक्त 56 एपीओ. आई गावभर विचारत होती की हे छप्पन नावाचं गाव नेमकं कोणत्या जिल्ह्यात. ठिकाण लिहायचं नाही हा नियम मी काटेकोर पाळला. गावाचं नाव नाही, नदीचं नाही. फक्त जमीन गाळाची, कालवा किती रुंद, पूर अडवायला घातलेला बांध किती उंच, उसामागे काय पेरलंय आणि अमुक दिशेला गुरुद्वाऱ्याचा कळस दिसतो, एवढंच आप्पांना कळवलं. पत्रं तपासणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी बोलावून घेतलं. ‘‘नक्शा भी साथ में भेज देते,’’ म्हणाले. पत्रातलं जवळजवळ सगळं काळं झालं, ‘शि. सा. नमस्कार’ आणि ‘कालवडीकडे बघा’ तेवढं उरलं. आप्पांनी उलट टपाली कळवलं : पत्र पावले, मजकूर समजला.

3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरच्या विमानतळांवर बाँब टाकले आणि थट्टा संपली. त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांतले काही परत आले नाहीत. 16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली, 17च्या रात्री आठला आमच्याकडचा गोळीबार थांबला.

थांबला म्हणजे घरी सोडलं असं नाही. आम्ही तिथेच. माझ्या मोर्च्याभोवतीचा गहू ओंबीवर आला, पिकला, आणि शेतमालक सरदारजींच्या परवानगीने मी कापूही लागलो. तेवढ्यात आप्पांचं पत्र आलं. धाकल्या चुलत्यांनी नांगरताना आमचा बांध हातभर कोरला होता.

मी रजेचा अर्ज दिला. कॅप्टनसाहेबांनी कारण वाचून विचारलं, ‘‘कितनी ज़मीन गई?’’

‘‘हातभर, साब.’’

ते बुर्ज्यांच्या दिशेला बघत बराच वेळ हसले आणि सही केली. वर बजावलं, बोलणी करायची, लढाई नाही. तिकडे दोन्ही देशांचीही बोलणीच चालली आहेत.

भांडणाची सगळी तयारी आगगाडीतच करून मी एसटीतून उतरलो, तर फाट्यावर हलगी. चुलते हार घेऊन पुढे. माझ्या गळ्यात हार घालून त्यांनी गर्दीला सांगितलं, ‘‘देशाची एक बोटभर जमीन जाऊ दिली नाही आमच्या पोरानं!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून पाया पडलो. पाया पडल्यावर कसलं भांडतोय?

तो हात अजून तिकडेच आहे. आता त्यांची नातवंडं कसतात. यंदा मोजणीचे पैसे भरलेत. तारीख पडली की सगळ्यांसमक्ष बघूच.