कुत्र्यांची रोजगार हमी

पूर्वी कुत्र्याला नोकरी होती. धनगराच्या मेंढरांमागे चालणं, खळ्यावर रात्रपाळी, पोस्टमन दिसताच भुंकणं. पगार शिळी भाकरी, तीही उरली तर. खेळणं मागायला सवड कुठली? फार तर पाहुण्यांची चप्पल पळवायची, तीही जोडीतली एकच. हाव हा माणसाचा गुण.

मग राखणीचं काम सीसीटीव्हीने घेतलं आणि मोती 'ऑस्कर' होऊन आठव्या मजल्यावर राहायला आला.

या रिकामपणावरचा उतारा अमेरिकेतल्या कोलोरॅडोत निघाला. जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा पोलिसांतून निवृत्त झालेला जर्मन शेफर्ड. निवृत्त फौजदार सोसायटीच्या पार्किंगवर डाफरत बसतो, तसा हा दिवसभर दगड चावत बसायचा. दात झिजले. मार्कहॅम एकदा फोक्सवॅगनची जुनी व्हॅन दुरुस्त करत होते. याचं लक्ष दगडांवरून उडावं म्हणून त्यांनी गाडीचे सुटे भाग त्याच्यापुढे टाकले. सस्पेन्शनमधला रबरी तुकडा त्याने धरला, तो सोडेचना. त्यावरून १९७६ साली 'काँग' कंपनी उभी राहिली. खेळणं म्हणजे पोकळ रबर. आत खाऊ ठासायचा आणि कुत्र्याने तो चाटून, चावून, आपटून बाहेर काढायचा. वाटीत दोन मिनिटांत संपणाऱ्या जेवणासाठी घाम गाळायची सोय झाली. महाराष्ट्राने माणसांसाठी रोजगार हमीचा कायदा केला तो १९७७ साली. कुत्री वर्षभर पुढे! शिवाय आपल्याकडे हमी मिळाल्यावर खडी फोडावी लागते. फ्रिट्झने ती आधीच फोडून ठेवली होती.

आता पुण्यामुंबईच्या पेट शॉपमध्ये चीं-चीं करणारी बदकं टांगलेली असतात आणि शेजारी 'बुद्धीला चालना देणारी' कोडी. दत्तगुरूंच्या पायाशी बसलेले चौघे तर साक्षात वेद मानले जातात; त्यांच्या बुद्धीला चालना द्यावी असं कुणाला सुचलं नव्हतं. ऑस्करचे मम्मी-डॅडी मात्र दहा तास ऑफिसातून मोबाइलवर पाहत असतात, बाळ कोडं सोडवतंय की लोळतंय. साहेब त्यांच्यावर ठेवतो तीच नजर, फक्त एक पायरी खाली उतरलेली.

राहता राहिली साप्ताहिक सुट्टी. तो ठराव अजून सोसायटीच्या सभेत आलेला नाही. कुत्र्याने लिफ्टने जावं की जिन्याने, या विषयावर सध्या तिसरी सभा तहकूब झाली आहे.