मायनर पपीचे अप्पा

गंगापूर रोडला सकाळी माणसं कुत्री फिरवतात, असं म्हणायची पद्धत आहे. जेहान सर्कलपासून आनंदवल्लीपर्यंत उभं राहून पाहिलं तर कारभार उलटा दिसतो. पुढे कुत्रा, मागे तिरका झालेला मालक आणि मध्ये ताणलेला पट्टा. यात आयटीवाले असतात, डॉक्टरीणबाई असतात, एप्रिलच्या उन्हात हस्की घेऊन निघालेले धाडसी तरुणही असतात. पण या रस्त्याचं खरं भूषण म्हणजे निवृत्तीनंतर श्वानशास्त्रात शिरलेले गृहस्थ. प्रत्येक सोसायटीत असा एक तरी सापडतोच. आमच्याकडच्या नगाला आपण अप्पा म्हणू.

अप्पा प्रेसमध्ये होते. नाशिककराला 'प्रेस' म्हटलं की नाशिकरोडची नोटांची प्रेस, हे वेगळं सांगावं लागत नाही. उभी नोकरी छापील कागदातली खोट शोधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर वर्षभरात घरातल्या सगळ्या खोटा शोधून संपल्या, तेव्हा काकूंनी मुलाला फोन केला आणि मुलाने पुण्याहून लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणून दिलं. वडिलांचा वेळ जावा, एवढाच त्याचा हेतू. अप्पांनी त्या पिल्लाचं खातं उघडलं. केनेल क्लबचे कागद, मायक्रोचिपचा नंबर, लसीचं पुस्तक, जंताच्या औषधाच्या तारखा, सगळं एका फायलीत. कागदावर पिल्लाचं नाव चार शब्दांचं आहे, चारही इंग्रजी. काकू त्याला गुंड्या म्हणतात, आणि ते ओ देतं ते गुंड्यालाच.

अप्पांचं ज्ञान हा भीतीचा विषय आहे. लिफ्टमध्ये सापडलात तर चौथ्या मजल्यापर्यंत लंडनचा केनेल क्लब १८७३चा आणि आपला केनेल क्लब ऑफ इंडिया १८९६चा, हे कळतं. सातव्यापर्यंत गेलात तर लॅब्रॅडॉरला जात म्हणून मान्यता १९०३ साली मिळाली, आणि क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात ब्रॅमशॉ बॉब नावाच्या काळ्या लॅबने १९३२ आणि १९३३, लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट कुत्र्याचा मान मिळवला, हेही कळतं. कुणी भाबडेपणाने "आमचा डबल बोन आहे हं" म्हणालं, तर अप्पा थांबतात, चष्मा पुसतात आणि डबल बोन हा शब्द कुठल्याही जातीच्या मानकात नसून फक्त विकणाऱ्यांच्या तोंडात असतो, हे शांतपणे सांगतात. यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. म्हणून तर राग जास्त येतो.

हे सांगत असताना गुंड्या त्यांच्या लेंग्याची नाडी चावत असतो. लॅबची शेपूट बुडाशी जाड, टोकाला निमुळती, पाणमांजराच्या जातीची हवी, हे अप्पा हाताने आकार काढून दाखवतात, आणि तीच आदर्श शेपूट मागे कुणाची तरी दुधाची पिशवी उडवते.

एका रविवारी याच रस्त्यावरच्या एका मैदानात डॉग शो होणार, हे समजलं. सहा ते नऊ महिन्यांच्या पिल्लांचा वर्ग मायनर पपी. गुंड्याला सातवा चालू होता. अप्पांनी फॉर्म भरला आणि गोदापार्कवर सराव सुरू झाला. शिकवण्याची भाषा अर्थातच इंग्रजी. कुत्र्याला मराठी कळत नाही, ही अप्पांची श्रद्धा. "स्टँड! स्टँड! आय सेड स्टँड!" या गर्जनेने नदीपलीकडचे बगळे उडत, गुंड्या मात्र आनंदाने दोन पायांवर नाचे. त्याच्या हिशेबाने आवाज चढला म्हणजे खेळ रंगला. घरी काकू नुसतं "बस रे राजा, खाली बस" म्हणत आणि तो बसे. हा अपवाद म्हणून अप्पांनी सोडून दिला होता.

कलेजीचं प्रकरण निराळंच. ज्या घरात अंडं आलं नाही, त्या घराच्या बाल्कनीत वेगळ्या शेगडीवर कोंबडीची कलेजी उकडू लागली. रिंगमध्ये पिल्लाचं लक्ष धरायला खिशात कलेजीचे तुकडे ठेवतात, असं अप्पांनी वाचलं होतं, आणि वाचलेलं त्यांना प्रमाण. नाकाला रुमाल बांधून ते स्वतः तुकडे करत.

शोचा दिवस. अप्पा ब्लेझरमध्ये. बाहेर फिरवून पिल्लाची मस्ती थोडी जिरवावी, मग सावलीत निवांत बसवावं, एवढं साधं काम होतं. पण अप्पांनी सकाळपासून गुंड्याला गाडीत ठेवलं, 'एनर्जी राखून ठेवायची' म्हणून. ती राखलेली एनर्जी स्ट्युअर्डने नंबर पुकारताच बाहेर आली. रिंगमध्ये कुत्रा डाव्या हाताला धरून घड्याळाच्या उलट्या दिशेने धावायचं असतं, म्हणजे मधोमध उभ्या जजला कुत्रा दिसतो, माणूस आड येत नाही. गुंड्याने दिशा बरोबर धरली. वेग स्वतःचा ठेवला. अप्पा मागून पतंगाच्या शेपटासारखे येत होते. एका वळणावर गुंड्याने पट्टाच तोंडात धरला आणि आता कोण कुणाला नेतंय, हा प्रश्न कायमचा मिटवला.

तपासणीची वेळ आली. जज दात बघतो, अंगावरून हात फिरवतो, नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेत की नाही हे चाचपतो. अनोळखी हात अंगावर घेण्याची सवय पिल्लाला महिनाभर आधीपासून, शेजारीपाजारी हाताशी धरून लावावी लागते. आम्ही शेजारी तयार होतो, पण अप्पांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. हाताळल्याने नोट मळते, हा प्रेसचा संस्कार. त्यामुळे आयुष्यातला पहिला परका हात लागताच गुंड्या हर्षाने उताणा पडला, चारी पाय वर केले आणि जजच्या बुटावर धार सोडली. "नो! नो! नो!" अप्पा किंचाळले. प्रत्येक 'नो'ला धार नव्याने आली. पिल्लं अतिआनंदाने मुततात, आणि रागावलं की जास्त मुततात. ब्रॅमशॉ बॉब पाठ असलेल्या माणसाला एवढं ठाऊक नव्हतं.

शेजारी लॅब घेऊन उभी असलेली कॉलेजातली मुलगी हळूच म्हणाली, "काका, पट्टा सैल सोडा. आणि थोडा वेळ काहीच बोलू नका." काहीच बोलू नका, ही सूचना अप्पांना उभ्या जन्मात कुणी केली नसावी. ते इतके चकित झाले की खरोखरच गप्प बसले. गुंड्याने वर पाहिलं. आवाज बंद, पट्टा सैल, मजा संपली. तो उठला, अंग झाडलं आणि उभा राहिला, चारी पाय जमिनीवर, शेपूट पाठीच्या रेषेत. तेवढ्यात दोरीपलीकडून काकूंनी "शहाणा गं माझा तो" म्हटलं आणि तो पुतळाच झाला. जज परगावचे होते. हसून म्हणाले, "अंकल, बच्चा अच्छा है. आप थोडा रिलॅक्स कीजिए." मग सरळ जाऊन सरळ परत यायला सांगितलं. जाताना ठीक गेले. येताना अप्पांच्या ब्लेझरच्या खिशातल्या कलेजीचा वास गुंड्याला लागला आणि उरलेलं अंतर त्याने खिशात तोंड घालूनच पार केलं.

पिल्लांच्या वर्गात जज असल्या दंग्याला फारसं मनावर घेत नाहीत. त्यांना ठेवण बघायची असते, आणि ठेवण चांगलीच होती. पहिला नंबर त्या मुलीच्या लॅबला गेला. गुंड्याला तिसरा, आणि फीत.

घरी आल्यावर फायलीत नवं पान लागलं. 'निष्कर्ष' या मथळ्याखाली अप्पांनी लिहिलं: १) जज अनुभवी. २) मैदान ओलसर. ३) प्रेक्षकांतून एका महिलेने लक्ष विचलित केले. तिसरा मुद्दा काकूंनी वाचला आणि दोन दिवस बाल्कनीतली शेगडी पेटवू दिली नाही. तेव्हा तो खोडला गेला, निळ्या शाईने, सहीनिशी.

फीत सध्या दिवाणखान्यात काचेआड आहे, प्रेसच्या निरोपाच्या मानपत्राशेजारी. "जिल्ह्यात तिसरा" अशी बातमी आता सोसायटीच्या पाचही विंगांत पोचली आहे. परवा भाजीवाल्याने ती मला "राज्यात तिसरा" म्हणून ऐकवली. तुम्हाला लिफ्टमध्ये अप्पा भेटलेच, तर मोकळ्या मनाने अभिनंदन करा. पिल्लू गोड आहे, अप्पाही वाईट नाहीत. फक्त त्या वर्गात लॅब किती होते, हे विचारू नका. तीनच होते.