सरपंच, पोर्ट 25565

माइनक्राफ्टचा सर्व्हर उघडायला फार काही लागत नाही. 'युला' नावाच्या फायलीत 'फॉल्स'चं 'ट्रू' करायचं, राउटरवर 25565 क्रमांकाचं पोर्ट मोकळं करायचं, की झाला सरपंच! मूळ सेटिंगप्रमाणे गाव 20 जणांचं. त्यात निम्मे ॲडमिन.

मग नियमावली: चोरी नको, जाळपोळ नको. 2010पासून चालणाऱ्या 'टूबीटूटी' या सर्व्हरने नियमच ठेवले नाहीत. तिथली वेस केव्हाच उजाड झाली, तरी आत शिरायला लोक तासन्‌तास रांगेत.

धंदेवाल्यांची चुरस निराळी. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडला की गिऱ्हाईक आपसूक इकडे. 2016मध्ये जगभर धुमाकूळ घालणारं 'मिराय' बॉटनेट रचणाऱ्या अमेरिकी पोरांचा डोळाही याच बाजारावर होता. त्यासाठी घरोघरचे कॅमेरे आणि राउटर त्यांनी वेठीला धरले. मालकांना पत्ताही नव्हता.