नाना डबलडेक

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात काही माणसं ठरलेली असतात. दोनशे पानांच्या खिचडीला साबुदाणा किती लागेल हे नुसतं हॉलकडे बघून सांगणाऱ्या एक काकू असतात. माईक हातात आला की तो परत न देणारे एक निवेदक असतात. मंडळाची समई, सतरंज्या आणि गणपतीचं मखर वर्षभर आपल्या गॅरेजमध्ये सांभाळून स्वतःची गाडी मात्र बर्फात उभी करणारे एक सज्जन असतात. नव्वदच्या दशकात यांच्या जोडीला आणखी एक असामी असायचीच, ती म्हणजे कॅसेटची कॉपी काढून देणारा. न्यू जर्सीत आमच्याकडे हे पद नानांकडे होतं. त्याला निवडणूक नव्हती की मुदत नव्हती. त्यांनी मशीन घेतलं आणि पद घरी चालत आलं.

मंडळात नाना बरेच निघाले, म्हणून हे 'नाना डबलडेक'. एक नाना शेअर्सवाले, एक नाना तबलेवाले, तसे हे. फोनवरसुद्धा स्वतःहून सांगायचे, "हां, डबलडेक बोलतोय."

डबलडेक येण्याआधी नाना दोन व्हीसीआर जोडून काम भागवत. टीव्हीखाली एक, चहाच्या टेबलावर एक, मध्ये पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींचा गुंता. एकावर प्ले आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड अशी दोन्ही बटणं एकदमच दाबली पाहिजेत, म्हणून ते गालिच्यावर गुडघे टेकून दोन्ही हात फैलावून बसत. घरच्यांनी तेवढा वेळ शिंकायचं नाही. तरीही अंदाज कधीकधी चुके. एका लग्नाच्या कॉपीत पहिली कॅसेट संपताना नव्या नवरीचा उखाणा आला होता आणि त्यातलं नेमकं नवऱ्याचं नाव उडालं. सासरच्यांनी ते मनावर घेतलं. नानांना तो उखाणा परत घ्यावा म्हणून वधूपक्षाला फोन करावा लागला.

अशात त्यांना बातमी लागली की एकाच पेटीत दोन कॅसेट बसणारा व्हीसीआर निघाला आहे. डेक वनमध्ये मूळ कॅसेट घाला, डेक टूमध्ये कोरी घाला, 'कॉपी' लिहिलेलं एकच बटण दाबा आणि जेवायला बसा. नाना त्या रात्री जेवले नाहीत असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगतात.

या यंत्राचा इतिहास नानांना मुखोद्गत होता, आणि मशीन बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो ऐकावा लागे. स्कॉट्सडेल, ॲरिझोना इथल्या गो-व्हिडिओ नावाच्या छोट्या कंपनीची ही कल्पना. पण तिला मशीन बनवून द्यायला जपानी कारखानदार तयार होईनात. हॉलिवुडचा दबाव आहे, सगळ्यांनी संगनमत केलंय, असा आरोप करून कंपनीने 1987 मध्ये खटला भरला. फिल्म कंपन्यांशी पुढे तडजोड झाली, कोरियाच्या सॅमसंगने मशीन बनवून दिलं आणि 1990 मध्ये ते बाजारात आलं. इथे नाना थांबत आणि एक पायरी मागे जात. त्याआधी 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने सोनीच्या खटल्यात घरी टीव्हीवरचा कार्यक्रम मागाहून बघण्यासाठी रेकॉर्ड करणं हा कॉपीराइटचा भंग नाही असा निकाल दिला होता, तो पाच विरुद्ध चार मतांनी. "पाच विरुद्ध चार!" नाना पाचही बोटं पाहुण्याच्या नाकासमोर धरत. "एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता, तर आज तुमच्या मुंजीची कॉपी निघाली नसती." पाहुण्याची मुंज बहुधा साताऱ्याला आणि व्हीसीआर जन्मायच्या आधी झालेली असे, पण तो मान हलवी.

किंमत हजार डॉलरच्या घरात होती. काकूंनी साधा हिशेब मांडला, की घरात चालणारे दोन व्हीसीआर आहेत आणि वायर फुकट आहे. नानांनी माहितीपुस्तिकाच आणून पुढ्यात ठेवली. मशीन घ्यायच्या आधी त्यांनी फक्त पुस्तिका मिळवली होती आणि पेन्सिलीने खुणा करून वाचून काढली होती. काकूंनी शेवटी एकच अट घातली: मशीन देवघराच्या खोलीत यायचं नाही. ते दिवाणखान्यात आलं, आणि लवकरच दिवाणखान्याला देवघराची कळा आली, कारण तिथे चपला घालून जायला बंदी झाली.

त्याची पूजा दर रविवारी सकाळी, आंघोळीनंतर. आधी प्लग काढायचा. मग वरच्या झाकणाचे स्क्रू, निघतील त्या क्रमाने, गृहप्रवेशात आलेल्या स्टीलच्या वाट्यांत एकेक ठेवायचे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली उघडली की घरभर दवाखान्याचा वास पसरे. कापूस वर्ज्य. त्याचे तंतू हेडमध्ये अडकतात, म्हणून हरणाच्या कातड्यासारखा मऊ तुकडा लावलेल्या काड्या नाना खास मागवत. ती काडी ओली करून चकचकीत ड्रमला नुसती टेकवायची, हलवायची नाही. हलवायचा तो ड्रम, दुसऱ्या हाताने, सावकाश, आडवा. "वर-खाली घासलंत तर हेड गेलं!" चालू असताना हाच ड्रम मिनिटाला 1800 फेऱ्या घेतो आणि त्याच्यावरचं हेड केसापेक्षा बारीक चिरेतून चित्र वाचतं, हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. मग रबराचा पिंच रोलर. त्याच्यावर फितीची काळी पूड बसते आणि रबर गुळगुळीत झालं की फीत घसरते. तो पुसून काडी काळी झाली की नाना ती उजेडात धरून बघत आणि समाधानाने म्हणत, "बघा, केवढं निघालं." पुढच्या रविवारीही ते तेवढंच निघे.

"एवढ्या मायेने कधी माझी मिक्सरची भांडी पुसली असतीत..." काकू आतून म्हणत. वाक्य पुरं होत नसे. त्यांना उत्तराची अपेक्षाही नव्हती.

त्यात एका दिवाळीला फराळाला आलेल्या कोणाच्या तरी तीन वर्षांच्या चिरंजीवांनी डेक टूच्या तोंडात चकली सरकवली. त्या वयाच्या मुलाला चौकोनी तोंड दिसलं की भरवावंसं वाटतं, त्यात नवल नाही. आई विचारत होती, "सोन्या, चकली संपवलीस?" आणि सोन्या मशीनकडे बोट दाखवत होता. नाना काहीच बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी काकूंचा भुवयांचा चिमटा मागून घेतला आणि रात्री उशिरापर्यंत चकलीचे काटे एकेक करून वेचले. तेलाचा अंश राहिला म्हणून महिनाभर डेक टू बंद. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या सगळ्या कॉपी तेवढ्याने रखडल्या. त्या मुलाचं पुढे लग्न झालं. नानांनी आहेर केला, पण चकलीला हात लावला नाही.

लोकांचा मोठा गैरसमज असा, की कॉपी म्हणजे पाच मिनिटांचं काम. गाण्यांच्या डबल कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवर दुप्पट वेगाने कॉपी निघायची, तेच डोक्यात. "जाता जाता काढून द्या ना नाना, गाडी चालूच आहे." तीन तासांच्या लग्नाला तीन तासच लागतात, हे सांगून नानांच्या नाकी नऊ येत. शिवाय टी-120 कॅसेटवर चांगल्या वेगात दोनच तास मावतात. वेग कमी केला तर त्याच कॅसेटवर सहा तास बसतात, पण चित्र मातकट येतं आणि रंग उडतो. नानांच्या लेखी हा अधर्म होता. म्हणून ते लग्न दोन कॅसेटवर घेत, आणि कुठे तोडायचं यावर लग्नघरच्या यजमानांशी फोनवर खल करत. मंगलाष्टकं एका कॅसेटवर, पंगत दुसऱ्या. बऱ्याच घरांत दुसरी कॅसेटच जास्त झिजली.

खरं घोडं अडे ते भारतातून आलेल्या कॅसेटपाशी. आपल्याकडची पद्धत पाल, इथली एनटीएससी. तिथे चित्राला 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं, इथे 525 आणि 30. पुतणीच्या सांगलीच्या लग्नाची कॅसेट एका बाईंनी हट्टाने नानांच्या मशीनमध्ये घालायला लावली. चित्र गरगर वर सरकत राहिलं आणि भटजी चिरक्या आवाजात मंगलाष्टकं उरकू लागले. बाई म्हणाल्या, "आमचे गुरुजी असे घाई करणारे नाहीत हो." नानांनी गुरुजींची बाजू तांत्रिकदृष्ट्या मांडली, ती कोणाला कळली नाही. त्यानंतर त्यांनी पालचं एनटीएससी करणारं तिसरं मशीन घेतलं. त्याची किंमत काकूंना अजून माहीत नाही, आणि हा लेख त्यांच्या हाती पडला तरी कळू नये म्हणून मी ती इथे लिहीत नाही.

विकतच्या सिनेमाची कॉपी मात्र नाना काढून देत नसत. आणि मशीनही देत नसे, कारण हॉलिवुडशी झालेल्या तडजोडीत संरक्षण असलेल्या कॅसेटची कॉपी नाकारायची सोय त्यात बसवली होती. भाड्याने आणलेला मुलांचा सिनेमा घेऊन कोणी आलं की नाना मुद्दाम बटण दाबून दाखवत. मशीनने नकार दिला की शाळेत मुलगा पहिला आल्यासारखे सभोवार बघत. "अक्कल आहे त्याला."

आता एक गोष्ट सांगितली तर खोटी वाटेल. आख्ख्या राज्यातली मराठी लग्नं, बारशी, डोहाळजेवणं आणि मंडळांची नाटकं ज्यांच्या घरातून गेली, त्या नानांनी त्यातलं काहीही पाहिलेलं नाही. म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं सगळं, पण ते चित्राच्या तळाशी बघत. "नाटक कसं वाटलं?" विचारलं तर म्हणत, "छान. पण दुसऱ्या अंकात खाली चार रेघा आहेत. ट्रॅकिंग." एका कॅसेटमधल्या करुण प्रसंगाला सगळं घर डोळे पुसत होतं, आणि नानांच्याही डोळ्यांत पाणी बघून काकूंना बरं वाटलं. विचारल्यावर कळलं, की मूळ कॅसेटला मध्ये चुणी पडली होती. स्वतःच्या मुलीच्या लग्नात हे गृहस्थ मांडवाऐवजी व्हिडिओवाल्याच्या मागे उभे, आणि कन्यादानाला बोलावणं आलं तेव्हा त्याला विचारत होते, "कुठल्या स्पीडला घेताय?"

कोणाचीही कॅसेट हातात आली की ते पहिलं काम करत ते तिच्या कडेची प्लास्टिकची टॅब मोडायचं. टॅब मोडली की तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. विचारायचंही नाही, कट्‌कन मोडायची आणि बाटलीत टाकायची. मुरांब्याची ती मोठी बाटली अजून त्यांच्या टेबलावर आहे, काळ्या टॅबांनी गळ्यापर्यंत भरलेली. मी स्वतः पाहिलंय, की ज्यांच्या टॅब नानांनी मोडल्या नाहीत, त्यांच्या मुंजींवर आज फुटबॉलची मॅच आहे.

तळघरात उभ्या कप्प्यांत कॅसेट. पुस्तकांसारख्या उभ्या, आडव्या नाहीत. प्रत्येक मागे गुंडाळलेली. न्यू जर्सीचं तळघर उन्हाळ्यात घाम फुटल्यासारखं ओलं होतं, म्हणून तिथे हवेतली ओल शोषणारं यंत्र अहोरात्र चालू. लोक कॉपी घेऊन जातात आणि मूळ कॅसेट न्यायला विसरतात, त्यामुळे हा साठा वाढतच गेला. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यातून आलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी असते. ती मशीनमध्ये घातली की हेड बरबटतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. अशा कॅसेटना नानांनी वेगळा कप्पा केला आहे. त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं आहे: 'बाहेरच्या.'

मग डीव्हीडी आली, फोन आला, आणि जुलै 2016 मध्ये फुनाई या जपानी कंपनीनेही व्हीसीआर बनवणं थांबवलं. ही बहुधा शेवटचीच उरली होती. मुलाने नानांना सांगितलं, सगळं क्लाउडवर टाकून देतो. नानांनी विचारलं, "त्याचं हेड कोण पुसतं?"

लोकांनी आपापल्या कॉपी कधीच फेकून दिल्या, आणि आता तेच फोन करतात. कोणाच्या आईचा आवाज फक्त डोहाळजेवणाच्या कॅसेटवर उरला आहे, कोणाला आजोबा चालताना बघायचे आहेत. नाना तळघरात जातात आणि काही वेळाने वर येतात, कॅसेट घेऊन. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून लोकांनी रस्त्याच्या कडेला टाकलेली तसली मशीनं उचलून आणतात आणि एकाचं काढून दुसऱ्याला बसवतात. पण रबर काही जुन्या मशीनमध्ये ताजं राहत नाही. सध्या डेक वनचा पिंच रोलर शेवटच्या घटका मोजतो आहे.

तेव्हा कोणाच्या गॅरेजमध्ये दोन तोंडांचा व्हीसीआर धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात देण्याआधी मंडळात कळवा. नानांकडे कॅसेट पाठवायची असेल तर खिडकीतून आत पांढरं दिसतंय का तेवढं बघा, आणि दिसत नसेल तर ती मागे गुंडाळून द्या. ते तोंडाने काही बोलणार नाहीत, पण कोणी गुंडाळली नव्हती हे लक्षात ठेवतात.