शहाण्णवाव्या वर्षी मेलबर्न

ऑस्ट्रेलियाच्या सरकारला माझ्या तब्येतीची फार खात्री आहे. मी आज सहासष्ट वर्षांचा. म्हाताऱ्या आईबापांना मुलाकडे कायमचं राहायला जायचं असेल तर त्यांच्याकडे दोन रांगा आहेत, एक स्वस्त आणि एक महाग. स्वस्त रांगेत आज अर्ज टाकला तर नंबर यायला तीसेक वर्षं लागतील, असं ते सरकार स्वतःच सांगतं. लपवाछपवी नाही. म्हणजे शहाण्णवाव्या वर्षी मी बॅग घेऊन अमरावतीच्या बडनेरा स्टेशनवर उभा. बरं, त्यावेळी तब्येतीची तपासणीही होते, आणि तीत पास व्हावं लागतं.

पोरगा मेलबर्नला आहे. फोनवर म्हणतो, "बाबा, आता तिथं ठेवलंय काय? या इकडेच कायमचे."

त्याची आई मागून ओरडते, "ठेवलं काय म्हंजे? कुरडया वाळू घातल्या आहे न गच्चीवर!"

महाग रांगेचं मी कागदावर मांडून पाहिलं. एका माणसामागं जवळपास 48 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे पंचवीस लाखांच्या वरच. कापसाला क्विंटलमागं आठ हजार हमीभाव धरला, तर नवराबायकोचे मिळून सहाशे क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल झाला तर लोक बांधावर येऊन पाहून जातात. शेत आहे पाच एकर. बियाणं, फवारणी, वेचणी यांचा खर्च शून्य धरला, बोंडअळीनंही समजूतदारपणा दाखवला, तरी वीस वर्षांचा कापूस लागतो. स्वस्तातल्या तीस वर्षांपेक्षा दहा वर्षं लवकर, एवढाच काय तो फायदा. पण पैसे भरणाऱ्यांनाही रांग आहेच, आणि तीही दहा वर्षांच्या वरची, हे कळल्यावर मी कागदाची घडी केली.

शिवाय पोरांची मोजणी होते. निदान अर्धी अपत्यं तिकडे कायमची राहत असली पाहिजेत, असा नियम आहे. आमची दोनच. एक मेलबर्नला, एक अकोल्याला. अर्धी म्हणजे पास. माझे आजोबा नापास झाले असते. त्यांची आठ पोरं, आणि सगळी परतवाडा ते मूर्तिजापूर या पट्ट्यात.

पाहुणे म्हणून मात्र जाता येतं. गेल्या साली आम्ही जाऊन आलो. विमानात एक कार्ड देतात. खाण्याचं काही आणलंय का, असा प्रश्न. सांगितलं तर दंड नाही, तपासून घेतात. लपवलं तर मात्र जबर दंड. बायको माहेरची अकोल्याची. लपवणं तिच्या स्वभावात नाही. तिनं त्या लांब टेबलावर आठवडी बाजार भरवला. कुरडया, मुगवड्या, सरगुंडे, जवसाची चटणी. एक पोरसवदा अधिकारी एकेक पिशवी उजेडात धरून पाहत होता. कुरडईवर त्याची नजर अडकली. मी समजावून सांगायला लागलो, की गहू तीन दिवस पाण्यात भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून त्याचा चीक काढतात. तीन दिवसांचं ऐकल्यावर तो दोन पावलं मागं सरकला.

"एक तळून द्या म्हना त्याले, मंग समजन," बायको म्हणाली.

कुरडया सुटल्या. अडकली ती अंबाडीच्या बियांची पुडी. रुमालाच्या गाठीत बांधलेली. मेलबर्नच्या परसात अंबाडी पेरायची आणि भाकरीबरोबर भाजी खायची, असा बेत होता. त्या पोरानं पुडी अगदी अदबीनं उचलली आणि डब्यात टाकली. बायको गाडीत बसेपर्यंत एकच म्हणत होती, "एवढीशी पुडी. गावभर थोडीच पेरणार होती मी!"

माझं मत त्या पोराबद्दल चांगलंच झालं. आपल्या शिवारातलं गाजरगवत परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. त्याला तेव्हा कुणी कार्ड भरायला लावलं नाही. आज ते इथलं कायमचं रहिवासी आहे, आणि त्याला कुठल्याही रांगेत उभं राहावं लागलं नाही.

मेलबर्नला वाईट काही नाही. शेजारी भला माणूस. रोज हात हलवतो आणि जातो. अमरावतीत नुसता हात हलवून कुणी गेला, तर संध्याकाळपर्यंत मालटेकडीवर चर्चा होते की याचं बिनसलं काय.

वऱ्हाडातली माणसं परदेशी गेलीच नाहीत, असं नाही. दादासाहेब खापर्डे टिळकांच्या अपिलासाठी 1908 साली विलायतेला गेले, 1910 साली परत आले. पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्ड करून, बॅरिस्टर होऊन आले आणि 1932 साली अमरावतीत शिक्षणसंस्था काढून बसले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला देशी खेळ दाखवून आली. कायमचं राहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तसं पाहिलं तर देश बदलायचं आम्हाला वावडं नाही. फक्त तो घरबसल्या बदलला पाहिजे. 1853 साली निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. 1902 साली त्याचा कायमचा भाडेपट्टा झाला. पुढच्या साली आम्ही मध्यप्रांताला जोडले गेलो. मालकी तरी निजामाचीच, म्हणून 1936 साली त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' केलं. वऱ्हाडचा युवराज, आणि राहायला हैदराबादेत. मग मध्य प्रदेश, 1956 साली द्वैभाषिक मुंबई, 1960 साली महाराष्ट्र. आमच्या घराची ओसरी त्याच जागी. ना फोटो, ना फी, ना पोरांची मोजणी.

पोरानं मात्र रीतसर केलं. तिकडचं नागरिकत्व घेतलं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे इकडचा पासपोर्ट परत केला आणि ओसीआय कार्ड काढलं. त्या कार्डावर त्याला आयुष्यभर येता-जाता येईल. मत देता येणार नाही, आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारशानं मात्र मिळते. म्हणजे बापाची पाच एकर त्याच्या नावावर लागेल, शेजारची अर्धा गुंठा घ्यायची सोय नाही. आणि पाच एकराबरोबर धुऱ्याचं भांडणही त्याच्याकडे जाईल. ते आमच्याकडे तीन पिढ्यांपासून आहे आणि त्याला कोणत्याही देशाचा व्हिसा लागत नाही. तलाठ्याकडे मेलबर्नहून कसं यायचं, ते त्याचं त्यानं पाहावं.

शेवटी मी बायकोला सरळ विचारलं, जायचं का कायमचं?

ती मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक डाव सोडला म्या देश. अकोल्याहून अमरावतीले आली. आता पुन्हा नाई." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण अमरावती अजून तिच्या दृष्टीनं परमुलूखच. 2025 च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा सगळी अमरावती खूश होती. ही म्हणाली, विमान अकोल्याच्या शिवणीला यायला पाहिजे होतं.

पोराचं मन मोडवत नाही, म्हणून स्वस्त रांगेत अर्ज टाकायचं ठरवलंय. तीस वर्षं तर तीस वर्षं. वेगळ्या विदर्भाची शिफारस फाजल अली आयोगानं 1955 सालीच करून ठेवली आहे. तोवर विदर्भ वेगळा झालाच, तर पत्त्यातलं राज्य बदलल्याचा अर्ज मेलबर्नला नव्यानं द्यावा लागेल.